नमुन्याची फाईल

काकाजींच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून पाहायचे. लग्नपत्रिका, चहाची बशी, एकदा तर माझ्या मुलीचं प्रगतिपुस्तक. मागची बाजू नीट न्याहाळून झाली की मग पुढची. "पुढून तं सारंच चांगलं दिसते, ताई," म्हणायचे. आयुष्यभर सर्किट बोर्ड हाताळलेल्या माणसाची ती सवय होती. बोर्डावर पुढे रंगीबेरंगी सुटे भाग असतात, आणि खरी जोडणी मागे, तांब्याच्या बारीक रेघांमध्ये. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचं काम त्यांच्या बोटांत मुरलेलं असतं.

यवतमाळच्या एमआयडीसीत माझा लहानसा कारखाना होता. आमचं घर नोकरदारांचं. वडील कलेक्टर कचेरीत, भाऊ बँकेत. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि सगळ्यांच्या मनाविरुद्ध शेतातल्या मोटरींसाठी ऑटो स्टार्टर बनवायला लागले. विजेच्या तीनपैकी एक फेज गेली की मोटर जळण्याआधी बंद करायची, लाइन नीट आली की पुन्हा चालू करायची, एवढंच त्या डब्याचं काम. कापसाचे भाव पडलेली ती वर्षं होती. नवी मोटर कोणी घेत नव्हतं, पण आहे ती जळू नये एवढं प्रत्येकालाच हवं होतं. त्यामुळे आमचा डबा चालला.

काकाजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. दारव्ह्याला राहायचे. कोणाकडून तरी माझं नाव ऐकून आले, मी काढलेला पहिला बोर्ड उचलला, उलटा केला आणि विचारलं, "हे कोनं काढलं?"

"मी."

"मंग मले उद्यापासून येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन हजर. त्यानंतर सहा वर्षं आमच्या प्रत्येक बोर्डाचं चित्र कॉम्प्युटरवर त्यांनीच काढलं. कौतुक असं कधी केलं नाही. फार खूश झाले तर म्हणायचे, "चालते." जोडकामाला दोन बाया होत्या, त्या हसून एकमेकींना हेच म्हणायच्या. भाजी कशी झाली? चालते. नवरा कसा आहे? चालते.

मग एक दिवस, त्या चित्रांवरून आमचे बोर्ड छापून देणाऱ्या पुण्याच्या माणसानं कळवलं की आमच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली तो यापुढे घेणार नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडेचनात. सगळी चित्रं पुन्हा काढायची म्हणजे वर्ष गेलं असतं. काकाजी म्हणाले, "दोघं एकमेकांची बोली समजून नाही राह्यले, एवढंच हाय. मी दुभाष्या बनवतो."

साठीच्या माणसानं पुस्तकं आणून प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. पहिल्यांदा फाईल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तेव्हा अख्खा बोर्ड आरशात पाहावा तसा उलटा. मी कपाळाला हात लावला. ते मात्र आनंदात: "बोली समजली त्याले. फक्त तोंड तिकडे करून बसला." पुढे छिद्रं सरकली, अक्षरं गायब झाली, रेघा एकमेकींवर चढल्या. चौथ्या महिन्यात सगळं जागच्या जागी आलं. मी पडद्याकडे बघतच राहिले. ते म्हणाले, "चालते."

हा दुभाष्या इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवायची कल्पना त्यांची. मला विचारलं, मी आनंदानं हो म्हटलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. दत्त चौकातल्या सायबर कॅफेत बसून त्यांनी तो चढवला. महिन्याभरात पत्रं यायला लागली. ब्राझीलमधून, पोलंडमधून. ते ती छापून आणायचे आणि जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचायचे. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात कोणाची तरी अडकलेली चित्रं आमच्या यवतमाळच्या माणसामुळे उघडत होती. मी पेढे वाटले.

वर्षभरानं मी नेरला एका दुकानात गेले होते. दुकानदार जुना, पहिल्यापासून माझाच माल ठेवणारा. त्यानं एक निळा डबा पुढे केला.

"ताई, हा बी तुमचाच का? लय स्वस्त देऊन राह्यले."

डबा एका मोठ्या शहरातल्या कंपनीचा होता. मी स्क्रू काढायला लावले आणि बोर्ड उलटा केला. रेघ न् रेघ आमची. डाव्या कोपऱ्यात एक छिद्र होतं, ज्याचा कशालाच उपयोग नव्हता. काकाजींकडून ते चुकून पडलं होतं आणि राहूनच गेलं होतं. तेसुद्धा होतं.

मी तो डबा विकत घेतला. दुसऱ्या दिवशी दोन्ही बोर्ड त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. खरंच खुलला.

"हा तं आपलाच होय! कुठवर गेला पाहा."

"कसा गेला, काकाजी?"

"दुभाष्यासंगं नमुन्याची फाईल द्या लागते ना. लोक ती उघडून पाहतात, बरोबर उतरली का."

"मग आपलाच बोर्ड का? जो आपण विकतो तोच?"

"तोच एक पक्का होता. कच्चा नमुना देऊन कसं चालन?"

"मला का नाही विचारलं?"

बायांचे हात थांबले होते. मला अजून वाटत होतं, ते म्हणतील, विसरलो, लक्षात नाही आलं. मी तेवढ्यावर मिटवून टाकलं असतं.

"विचारलं असतं तं तुम्ही नाही म्हटलं असतं," ते म्हणाले.

हे ते शांतपणे म्हणाले, एखाद्या रेघेची जाडी सांगावी तसं. मग म्हणाले, "ताई, मोटर जळाली नाही पाहिजे. डबा कोनाचा बी असो."

शेतकऱ्याच्या बाजूनं ते बरोबरच होतं. पण सहा वर्षं ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खाल्ला, त्यांनी माझ्या होकाराचा नुसता हिशेब केला होता, आणि तो येणार नाही म्हणून मला बाजूला ठेवलं होतं. दुभाष्यासाठी विचारलं, कारण तिथे हो येणार हे माहीत होतं.

"उद्यापासून येऊ नका," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला. "कोनती फाईल कुठी हाय, ते सांगून ठेवू का?"

"नको."

निळ्या डब्यापुढे आम्ही दीड वर्ष टिकलो. कारखाना बंद होतोय, हे बायांना मीच सांगितलं. त्यातली एक कितीतरी वेळ माझा हात धरून बसली होती. मशिनं विकली, कॉम्प्युटर विकला आणि मी तंत्रनिकेतनात शिकवायला लागले. काकाजी मला पुन्हा भेटले नाहीत. ते गेल्याचं मला त्याच नेरच्या दुकानदाराकडून कळलं, तेही दोन महिन्यांनी. मी "हो का" म्हटलं आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागले. भाजी करपली.

यंदा एक शेतकरी आमचा जुना स्टार्टर घेऊन आला. इतकी वर्षं चालला होता, आता एक भाग जळला होता. दुरुस्तीसाठी चित्र हवं होतं. जुन्या फायली माझ्याकडे एका सीडीवर होत्या, पण त्या उघडणारं काहीच नव्हतं. म्हणून मी दुभाष्या शोधला. इंटरनेटवरचं त्याचं पान अजून होतं.

खाली काकाजींनी त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की नमुन्याची फाईल काढून टाकली आहे. तारीख पाहिली. मी येऊ नका म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

त्याखाली कोणी परदेशी माणसानं तक्रार केली होती: नमुना का काढला, त्याच्याशिवाय आम्ही ताडून कसं पाहायचं?

काकाजींचं उत्तर होतं: ज्यांचा होता, त्यांना विचारलं नव्हतं.

त्या माणसानं लिहिलं होतं: मग आता विचारा.

मी पान खाली सरकवत गेले. पुढे दुसऱ्याच लोकांचे दुसरेच प्रश्न होते. काकाजींनी पुन्हा काही लिहिलं नव्हतं.