मग-मॅडम आणि नंबराची पाटी

पोलीस प्रशिक्षण केंद्रातल्या या हवालदारबाईंना त्यांच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. नव्या-जुन्या सगळ्या तुकड्यांसाठी त्या मग-मॅडम. वर्गात कुणी काहीही उत्तर दिलं की बाईंचा एकच शब्द.

‘‘मॅडम, गस्त वाढवू.’’

‘‘मग?’’

‘‘चोर पळतील.’’

‘‘मग?’’

‘‘मग... गस्त हलली की परत येतील.’’

एवढं समोरच्याच तोंडून बाहेर पडलं की बाई खडू खाली ठेवायच्या आणि अशा खुलायच्या, की उत्तर देणाऱ्यालाच वाटावं, आपण काहीतरी मोठं करून बसलो!

हा शब्द त्यांच्याकडे आला वडिलांकडून. वडील घड्याळजी. गिऱ्हाईक म्हणायचं, बंद पडलंय. वडील घड्याळाला बोटही न लावता विचारायचे, ‘‘मग? कधी पडलं? तेव्हा कुठं होतं?’’ एकाचं घड्याळ रोज दुपारीच थांबायचं. विचारता विचारता निघालं काय, तर गडी कर्णे दुरुस्त करणारा आणि जेवायला बसताना घड्याळ काढून ठेवायचा तो नेमका कर्ण्याच्या लोहचुंबकावर! घड्याळ बिचारं काय करील?

तर अशा बाईंचा आठवड्याला एक तास असे. गुन्हा घडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो तिथंच का घडतो, तेव्हाच का घडतो, हे शोधायला शिकवायचा. कवायतीच्या मास्तरांचा त्या तासावर डोळा होता. शेवटी प्राचार्यसाहेब म्हणाले, ‘‘बाई, महिनाभरात काहीतरी करून दाखवा. नाहीतर तास कवायतीला जाईल.’’

बाईंनी फाटकासमोरचाच दवाखाना निवडला. तिथल्या कुंपणापासून तीन महिन्यांत अकरा सायकली गेल्या होत्या. त्यातली एक खुद्द कवायतीच्या मास्तरांची. गुडघा शेकायला म्हणून सायकलनं गेले आणि तोच गुडघा चोळत पायी परतले.

वर्गानं गणवेशातला एक प्रशिक्षणार्थी कुंपणाशी उभा केला. आठवडाभर एकही सायकल हलली नाही. त्याला काढलं त्याच दिवशी दोन गेल्या.

व्हरांड्यात मास्तर मिशीतल्या मिशीत हसले. ‘‘काय बाई? मग?’’

आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून असा झोंबतो, हे बाईंना त्या दिवशी कळलं. पण वर्गात येऊन सरळ म्हणाल्या, ‘‘चूक माझी. न विचारताच औषध दिलं. आता साध्या कपड्यांत जा, पेशंट बसतात त्या अंगणातल्या बाकावर बसा. कुणाला पकडायचं नाही.’’

तिसऱ्या दिवशी एक उंचच उंच मुलगी, तिला सगळे शिडी म्हणत, ती हिरमुसून आली. ‘‘मॅडम, तीन दिवस बसले, पण सायकली दिसल्याच नाहीत.’’

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. ‘‘मग काय दिसलं?’’

‘‘नंबराची पाटी. आपला नंबर चुकेल म्हणून सगळे तिकडेच टक लावून असतात. सायकली राहतात पाठीमागे.’’

बाई शिडीला घेऊन तडक दवाखान्यात. ‘‘भाऊ, ही पाटी कधीपासून?’’

‘‘झाले की तीन महिने,’’ कंपाउंडर म्हणाला. ‘‘आधी नावं पुकारायचो. घसा बसला माझा.’’

तीन महिने! बाईंनी शिडीची पाठ अशी थोपटली की ती पोर एक पाऊल पुढे गेली. मग बाक फिरवला आणि पाटी नेऊन टांगली कुंपणावर, सायकलींच्या डोक्यावर.

‘‘म्हणजे ताई, नंबर बदलायला मी रोज तिथवर हेलपाटे घालू?’’

‘‘घशाला आराम आहे ना, भाऊ? पाय कशाला रिकामे ठेवता?’’

उरलेल्या दिवसांत एकही सायकल गेली नाही. साहेबांनी विचारलं, ‘‘चोर कुठाय?’’

‘‘सापडला नाही, साहेब.’’

‘‘अहो, मग मी वर कळवू काय? न झालेल्या चोरीचा पंचनामा कसा करतात?’’

दाखवायला बाईंच्या हातात काही नव्हतं. तास गेलाच, असं त्यांनी मनाशी धरलं. तेवढ्यात परेडचा कागद घेऊन आलेले कवायतीचे मास्तर दारातच खाकरले.

‘‘साहेब, साक्षीदार मी आहे. काल दवाखान्यासमोर सायकलच्या हँडलला एकानं नुसता हात लावला, तर बाकावरचे सातही जण एकदम ओरडले, ‘ओ, कुणाची सायकल? कुठं निघालात?’ एक आजीबाई तर काठी घेऊन उठल्या.’’

‘‘मग पकडला का नाही?’’

‘‘कसा पकडणार? सायकल माझीच होती. नवी घेतलीय. साहेब, माझ्या मिशीचीसुद्धा भीड ठेवली नाही हो त्यांनी! तास बाईंकडेच राहू द्या.’’

साहेबांना हसू आवरेना. तास राहिला.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा वडील डोळ्याला भिंग लावून एका घड्याळावर वाकले होते.

‘‘तास राहिला, बाबा.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, कवायतीचे मास्तर उद्यापासून माझ्या वर्गात बसणार आहेत. तेही पहिल्या बाकावर.’’

बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि लेकीकडे बघतच राहिले. पुढचा ‘मग?’ काही त्यांना सुचला नाही.