आणखी एक चान्स

परवा फोनवर तुम्हा नातींमधल्या धाकटीने सांगितलं की ती मुलाखतीला निघाली आहे, पण चान्स कमी आहे. मी म्हटलं, कमी की जास्त ते त्यांना ठरवू दे, तू वेळेवर पोच. फोन ठेवला आणि तो शब्द दिवसभर माझ्या मागे लागला. या एका शब्दापायी आमच्या घरात एकदा काय झालं होतं, ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. तुमच्या आयांपैकी एकीला ते अर्धवट आठवतं, दुसरीला अजिबात नाही. म्हणून मीच लिहून ठेवते.

मी इंग्रजी शिकलेली, इंग्रजी शिकवणारी. शब्दकोशात या शब्दाचे अर्थ योगायोग, संधी, शक्यता, धोका असे ओळीने दिलेले असतात. नागपूरने मात्र त्याला आपल्या हिशेबाने कामाला लावलं होतं. संध्याकाळी कॅरमभोवती बसलेले दीर ओरडायचे, "ए, माझा चान्स आहे!" शेजारचा मुलगा मॅट्रिकला गणितात नापास झाला की त्याची आई आल्यागेल्याला सांगायची, ऑक्टोबरला अजून एक चान्स आहे. रिझर्व्हेशन न करता कोणी मुंबईला निघालं तर ते चान्सवर निघालेलं असायचं. गल्लीतल्या एका मुलीला रेडिओवर गायचा चान्स मिळाला तेव्हा सगळ्या गल्लीने आपापले रेडिओ मोठ्याने लावले होते. माझ्या वर्गातल्या मुली निबंधात लिहायच्या की सुट्टीत मला आजारी पडण्याचा चान्स मिळाला, आणि मी लाल शाईने तो चान्स काढून घ्यायची.

पण बायकांच्या बोलण्यात या शब्दाचा एक अर्थ होता, जो कुठल्याच शब्दकोशात नव्हता. चान्स घेणे म्हणजे मुलगा होईल या आशेने आणखी एक मूल होऊ देणे. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या बायका एकमेकींना विचारायच्या, "मग? अजून एक चान्स घेणार का?"

साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला सासू-सासऱ्यांसोबत राहत होतो. मला दोन मुली, थोरली चार वर्षांची आणि धाकटी नुकती चालायला लागलेली. मी मुलींच्या शाळेत सकाळच्या सत्रात शिकवत होते, पण बी.एड. नसल्यामुळे नोकरी कच्ची होती. मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, या वर्षी बी.एड.ला प्रवेश घ्या, पुढच्या वर्षी मी तुम्हाला कायम करते. नाहीतर तुमच्या जागी दुसरी बी.एड. झालेली येईल. म्हणजे मला एक मोकळं वर्ष हवं होतं, आणि त्या वर्षात मुली सांभाळायला घरचं माणूस.

नेमक्या त्याच उन्हाळ्यात सासऱ्यांची बहीण गावाहून आली. तुरीच्या डाळीचं पोतं आणि सल्ला, दोन्ही घेऊन आली. पहिल्याच दुपारी आम्ही तांदूळ निवडत बसलो असताना तिने सुरुवात केली.

"काय वं सूनबाई, धाकटी चालाले लागली. आता एक चान्स घेऊन टाक."

"दोन आहेत ना आत्याबाई."

"दोन पोट्ट्या आहेत. मी पोट्ट्याचं म्हणून राहिली."

"आणि तिसरीही मुलगीच झाली तर?"

"तं अजून एक घ्याचा! आमच्या शेजारणीले पाचव्या चान्सले झाला पोट्टा."

"आणि आधीच्या चौघी?"

"त्या खेळवतात नं त्याले!"

मला हसू आलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत, तांदळातले खडे वेचत राहिल्या.

रात्री मी तुमच्या आजोबांशी बोलले. त्यांचं मत माझ्यासारखंच होतं, त्यांना दोन मुली पुरे होत्या. पण वडिलांसमोर त्यांच्या तोंडून ऑफिस आणि हवामान यापलीकडे काही निघत नसे. "मी बोलतो आबांशी," असं ते रोज म्हणायचे आणि रोज सायकल काढून ऑफिसला जायचे. इकडे प्रवेशाची मुदत संपत आली होती.

मी स्वतः का बोलले नाही, हे तुम्हाला विचित्र वाटेल. आमच्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. भांडण नव्हतं काही, रीतच तशी होती. मी दारात उभी राहून, समोर असेल त्याच्याकडे बघून म्हणायची, "आबांना म्हणावं, पान वाढलंय." आबा त्यालाच सांगायचे, "म्हणा, आलो." बाहेरच्या खोलीत दुसरं कोणी नसेल तर मी दाराला सांगायची. थोरली बोलायला लागल्यापासून हे काम तिच्याकडे गेलं होतं. ती खोलीच्या मधोमध उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची आणि ऐकलेलं शब्दन् शब्द दुसऱ्या बाजूला पोचवायची.

आत्याबाई गावाला परत गेल्यानंतरच्या रविवारी, जेवणं झाल्यावर, आबा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. मी सुपारीची वाटी घेऊन दारात आले. थोरली जमिनीवर कॅरमच्या सोंगट्या एकमेकींवर रचत होती.

"बेटा," आबा तिला म्हणाले, "तुह्या मायले म्हण, आत्याबाई काई चुकीचं नाई सांगून गेली. एक चान्स घ्याले काय हरकत आहे? घरात एक पोट्टा पाहिजे."

ती उठली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "आई, आबा म्हणून राहिले, आत्याबाई काई चुकीचं नाई सांगून गेली. एक चान्स घ्याले काय हरकत आहे. घरात एक पोट्टा पाहिजे." मग तिने तसंच वळून आबांना विचारलं, "काहून पाहिजे?"

तो निरोप नव्हता. तो तिचा स्वतःचा प्रश्न होता.

"आबांना म्हणावं..." मी सवयीने सुरुवात केली आणि थांबले. ती माझ्याकडे तोंड करून, निरोप झेलायला तयार उभी होती. मी काय सांगणार होते? की तू आहेस तेवढी पुरे आहेस, हे तूच जाऊन सांग?

मी पदर सारखा केला, वाटी तिपाईवर ठेवली आणि खोलीत आले.

"मामंजी, हे मी तुम्हालाच सांगते. मुली दोन आहेत आणि दोनच राहतील. मला बी.एड. करायचं आहे. एक वर्ष दिवसभर मुलींना सांभाळाल का, एवढंच विचारायचं आहे."

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "बेटा, तुह्या मायले म्हण..." त्यांनी सुरुवात केली. थोरली लगेच त्यांच्याकडे वळली. तिच्याकडे बघून तेही थांबले. मग कॅलेंडरलाच विचारल्यासारखं म्हणाले, "कॉलेज किती वाजता असते?"

"साडेदहा ते पाच."

"अन् धाकटीले कोण पाहीन?"

"मी पाहीन!" स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "कोण पाहीन म्हणजे? तुमचे पोट्टे कोणं पाह्यले?"

"तू मधात नोको बोलू."

"मधातच तं आहो मी." सासूबाई हात पुसत दारात आल्या. "माह्या वेळी मले कोणी विचारलं नाई, अन् मीबी कोणाले विचारलं नाई. हे तोंडावर विचारून राहिली, तं ऐकून घ्या."

आबांनी तिपाईवरच्या वाटीतून सुपारी उचलली. "मले पटलं नाई," शेवटी ते म्हणाले. आणि मग, लग्नानंतर पहिल्यांदा, सरळ माझ्याकडे बघून, "पण फॉर्म भराचा असन तं भर."

तुमचे आजोबा इतका वेळ मोरीशी उभे होते. ते आत येऊन म्हणाले, "आबा, मीही तेच म्हणणार होतो."

"होतो, होतो," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं कधी?"

तो टोमणा त्यांना लागला असावा. त्या हिवाळ्यात त्यांनी रजा टाकली, धंतोलीच्या एका दवाखान्यात स्वतःचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं आणि आबांना ते स्वतः, समोर बसून सांगितलं. माझं बी.एड. झालं, नोकरी कायम झाली आणि मी निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत शिकवलं. त्या वर्षी सासूबाईंनी धाकटीला इतकं ताक पाजलं की अजूनही ती ताकाला हात लावत नाही.

आबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. ते तसं लपवतही नसत. पण त्या रविवारनंतर ते आणि मी समोरासमोर बोलत असू, आणि वादही समोरासमोरच घालत असू. नातेवाइकांपैकी कोणी आलं आणि त्यांच्यापाशी विषय काढला, की आता सुनेला सांगा, अजून एक चान्स घ्या म्हणावं, तर ते खुर्चीतून न उठता हात माझ्याकडे करायचे.

"मले काहून सांगता? ते बसली आहे नं समोर. तिले विचारा."

मी खरोखरच समोर बसलेली असायची, मान वर करून. कोणी विचारलं नाही.