साखरेच्या बेटावरच्या सिस्टर

मी शिक्षिका झाले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसईतल्या निर्मळजवळच्या आमच्या गावच्या मराठी शाळेत मी इतिहास शिकवायचे. वर्गात अर्धी मुलं आमच्यासारख्या ख्रिस्ती बागायतदारांची, अर्धी हिंदू बागायतदारांची. सगळ्यांच्या वाड्यांचे बांध एकमेकांना लागून, सगळ्यांच्या घरी केळी, पानवेली आणि मोगरा. घरी बोलायच्या बोल्या तेवढ्या वेगळ्या.

एके दिवशी धडा वसईच्या किल्ल्याचा होता. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून किल्ला कसा घेतला, ते मी रंगवून सांगितलं. तास संपता संपता तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती आमच्याच चर्चच्या धर्मग्रामातली, बडबडी नव्हे, पण डोळे सतत जागे असणारी.

"टीचर, तेव्हा आपण कोणाच्या बाजूने होतो?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. घंटा वाजली म्हणून मी सुटले, पण सायकल हाकत घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्याबरोबर होता. मुंबईला कॉलेजात असताना मलाही विचारायचे, "आडनाव असं पोर्तुगीज, मग मराठी इतकं चांगलं कसं?" मी तेव्हा हसून वेळ मारून न्यायचे आणि नंतर दिवसभर मनात कुढायचे.

त्याच हिवाळ्यात गावच्या मठात फिलिपाइन्सच्या एक सिस्टर राहायला आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चपट्या नाकाच्या, आणि हसल्या की डोळे पार मिटणाऱ्या. इथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायट्या कशा चालतात ते त्यांना बघायचं होतं. मला इंग्रजी बरं येतं म्हणून मठाच्या मोठ्या सिस्टरांनी दुभाषी म्हणून मला नेमलं. पहिल्याच रविवारी, चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर, मी त्यांना आमच्या घरी घेऊन आले.

वडील वाडीतून नुकतेच आले होते, हात केळीच्या चिकाने काळे झालेले. पाहुण्या बाईंपुढे ते संकोचून दाराशीच उभे राहिले. त्यांनी मला आमच्या बोलीत सांगितलं, "बाय, त्यांना सांग, आम्ही कुपारी."

कुपारी हे आम्हा इथल्या ख्रिस्ती बागायतदारांचं नाव. मी ते सांगायच्या आधीच सिस्टर टाळी वाजवून म्हणाल्या, "कुम्पारे! आमच्याकडे मुलाच्या बाप्तिस्म्याला जो धर्मपिता उभा राहतो, त्याला मुलाचा बाप कुम्पारे म्हणतो."

मग शब्दांचा खेळच सुरू झाला. आम्ही साबण म्हणालो, त्या साबोन म्हणाल्या. आम्ही मेज, त्या मेसा. पोर्तुगीज आमच्याकडे टाकून गेलेले शब्द आणि स्पॅनिश त्यांच्याकडे टाकून गेलेले शब्द एकमेकांचे चुलतभाऊ निघाले. वडिलांचा संकोच कुठच्या कुठे गेला. त्यांनी स्वतः उठून शिंकाळ्यातली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, काढली आणि वाळलेल्या पानाचं वेष्टण सोडून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यानंतर सिस्टर दर रविवारी येऊ लागल्या. वाडीत फिरायच्या, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर बसून आईबरोबर भाजी निवडायच्या. अशाच एका सकाळी त्यांनी आईच्या लाल लुगड्याचा काठ बोटांत धरून विचारलं, "हे कोण विणतं?"

"बाजारातून आणतो. हल्ली असं मिळत नाही," आई म्हणाली.

सिस्टरांनी काठ सोडला नाही. "माझ्या पणजीच्या घरी माग होते," त्या म्हणाल्या. "एक नाही, बरेच. गावातल्या बायका येऊन विणायच्या. अननसाच्या पातीच्या धाग्याचं कापड, वाऱ्यासारखं हलकं. मग स्पॅनिश सरकारने आमचं बंदर परदेशी जहाजांना उघडलं. इंग्रजांची जहाजं आली. येताना गिरणीचं स्वस्त कापड आणायची, जाताना साखर भरून न्यायची. माग बंद पडले. पणजीचं घर उठलं, होडीत बसून समोरच्या बेटावर गेलं आणि जंगल तोडून ऊस लावायला लागलं."

मी हे आईला मराठीत सांगितलं. आईने हातातली भाजी खाली ठेवली. "आणि त्या विणणाऱ्या बायका?"

"त्यातल्या काही ऊस तोडायला आल्या," सिस्टर म्हणाल्या.

साखरेने पणजीच्या घरात पैसा आणला. धाकट्या मुलाला, म्हणजे सिस्टरांच्या आजोबांना, मनिलाला कायदा शिकायला पाठवलं. तिथे वेगवेगळ्या बेटांवरची, वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं एका खानावळीत जेवायची. कुणाच्या घरी साखर, कुणाच्या घरी तंबाखू, कुणाच्या घरी दोरखंड वळायचा ताग.

"तोवर स्पॅनिश लोक आम्हाला सगळ्यांना एकच नाव द्यायचे," सिस्टर म्हणाल्या, "इंडिओ, म्हणजे इंडियन."

वडील केळीच्या बुंध्याला टेकून ऐकत होते. मी भाषांतर केल्यावर ते म्हणाले, "त्यांना इंडिओ? मग आम्ही कोण?"

सिस्टरांनी हसता हसता डोळे पुसले. मग त्या सांगू लागल्या. फिलिपिनो हे नाव पूर्वी तिथे जन्मलेल्या स्पॅनिश लोकांचं. तेही मुळात स्पेनच्या एका राजपुत्राच्या नावावरून पडलेलं. खानावळीतल्या त्या पोरांनी ते उचललं आणि स्वतःला लावलं. आजोबा सुट्टीत गावी आले, तेव्हा चर्चच्या दारात स्पॅनिश पाद्री भेटले. आजोबांनी त्यांना चांगल्या स्पॅनिशमध्ये नमस्कार केला. पाद्रींनी मोडक्यातोडक्या गावच्या भाषेत फटकारलं, "तुझ्या भाषेत बोल, ही तुझी नव्हे." आजोबा मागे हटले नाहीत. स्पॅनिशमध्येच म्हणाले, "मी फिलिपिनो आहे. मला दोन्ही येतात." पुढच्या आठवड्यात शिपाई आले आणि त्यांना दूरच्या बेटावर हद्दपार केलं. पाच वर्षांनी ते परतले, तेव्हा केस पांढरे झाले होते.

"मोठा माणूस," वडील म्हणाले.

बावखलात एक बगळा उतरला, त्याच्याकडे बघत सिस्टर म्हणाल्या, "हो. पण ते आमच्या मळ्यावर ऊस तोडणाऱ्यांना शेवटपर्यंत नावाने ओळखत नव्हते. आजही तिथे तेच चालू आहे. मी त्या लोकांत काम करते. म्हणूनच आमच्या मठाने मला काही महिने देशाबाहेर राहायला सांगितलंय." त्यांच्या देशात तेव्हा लष्करी कायदा होता. त्याबद्दल त्या याहून जास्त कधी बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या रात्री जेवताना वडील मला म्हणाले, "आपल्यासारखंच आहे की गो. पूर्वी बैलांनी रहाट ओढायचो, तेव्हा वाडीबाहेरचं काही ठाऊक नव्हतं. पंप आले, केळी-पानांना भाव आला, म्हणून तू शिकलीस. शिकलीस म्हणून तुला प्रश्न पडले."

सिस्टर जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना वर्गावर नेलं. मुख्याध्यापकांनी कपाळाला आठी घातली, "फिलिपाइन्स आपल्या अभ्यासक्रमात कुठे आहे?" पण परवानगी दिली. सिस्टरांनी माग, साखर आणि आजोबा, सगळं मुलांना सांगितलं. मी मराठीत आणत गेले. इंडिओवर वर्ग खदखदून हसला. हद्दपारी ऐकताना मुलं बाकावर पुढे सरकून बसली.

तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीकडे बघून मी म्हणाले, "तू मला एकदा विचारलं होतंस. आपली माणसं तेव्हा इथेच वाडीला पाणी लावत होती. मळ्यात फौजा आल्या आणि गेल्या. कुणाच्या बाजूने आहात, हे त्यांना कुणी विचारलं नाही. आपल्याला मात्र ते सांगता येतं. आपलं नाव आपण ठरवू शकतो."

"मग आपण कोण, टीचर?"

मी उत्तर देणार, एवढ्यात तिच्या मागच्या बाकावरचा, आमच्या शेजारच्या वाडीतल्या हिंदू घरचा मुलगा बोलला, "आपण वसईवाले. अजून काय?" त्याला आपण काही मोठं बोललो असं वाटलंच नाही. तो पेन्सिलला टोक करत होता. सिस्टरांनी मला कोपराने ढोसून विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, तेव्हा त्यांनी आपल्या गळ्यातला क्रूस ओठांना लावला.

मुख्याध्यापक दाराबाहेर उभे होते. मला वाटलं, आता बोलणी बसणार. शिक्षकांच्या खोलीत ते म्हणाले, "अभ्यासक्रमाबाहेरचं झालं." मग खुर्ची जवळ ओढून, "बरं, त्या इंडिओचं काय ते पुन्हा सांगा."

सिस्टर गेल्या. चार-पाच वर्षं पत्रं येत राहिली, बारीक तिरप्या अक्षरात. त्यांच्या बेटावर साखरेचा भाव पडला होता, मळे ओस पडत होते, मुलं उपाशी होती. मग पत्रं थांबली. माझी दोन पत्रं 'पत्ता सापडत नाही' असा शिक्का घेऊन परत आली.

मधल्या वर्षांत आमच्याकडेही बरंच बदललं. जवळच्या उमेळे गावाकडच्या वाड्यांत इमारतींचे पाये खणले जाऊ लागले. काही विहिरींचं पाणी मचूळ झालं. माझ्या भावाने बँकेत नोकरी धरली, आणि वाडीत वडील एकटे राहिले.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत, लष्करी कायदा आणणाऱ्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध, मनिलाच्या रस्त्यावर लाखो माणसं उतरली. वर्तमानपत्रात फोटो आला होता, रणगाड्यांपुढे गुडघे टेकून जपमाळ म्हणणाऱ्या सिस्टरांचा. मी शाळेतून तो कागद तसाच घरी आणला. वडिलांनी चष्मा लावला, अंगणात उजेडाला नेऊन एकेक चेहरा बघितला. शाई पसरली होती. डोक्यावरच्या पांढऱ्या वस्त्रांखाली चेहरे नीट दिसत नव्हते.

"ही असेल का गो?" त्यांनी डावीकडच्या एकीवर बोट ठेवलं.

मी म्हणाले, "माहीत नाही."

"असणारच," वडील म्हणाले, आणि वर्तमानपत्र घडी न करता तसंच मेजावर ठेवून दिलं, आईला दाखवायला.