पत्ता बदलून मिळेल

किस्से काही आम्ही गोळा करत नाही. ते आपल्या पायांनी जिना चढून येतात, पंख्याखाली बसतात आणि आधी पाणी मागतात. आमचं ऑफिस हिंगोलीत एका मिठाईच्या दुकानावर आहे. जिल्ह्यात ज्या धंद्यांची स्वतःची वेबसाइट आहे, त्यांची ऑनलाइन डिरेक्टरी आम्ही चालवतो. नाव, पत्ता, वेळ, फोन, पाटीचा फोटो आणि वेबसाइटची लिंक. कुणाला यातलं काही बदलून हवं असेल तर तिथं ‘बदल सुचवा’ असं बटन आहे. ते बटन दाबलं की विनंती माझ्याकडे येते. मी नोंदीतल्या नंबरवर फोन लावून खात्री करते आणि बदल करते. इतकं सोपं काम आहे. आणि तरी बघा.

सेनगावचे एक बियाणेवाले एसटीनं आले. घामाघूम. फोन पुढे केला आणि म्हणाले, “ताई, दुकानाची वेळ बदलायची हाय. हे बटन दाबा.”

मी म्हटलं, “अहो काका, हे तुम्ही घरी बसून दाबलं असतं तरी चाललं असतं. इतक्या लांब काहून आलात?”

“घरी दाबलं व्हतं की. दाबलं तर ते नुसतं ‘धन्यवाद’ म्हणतंय.” त्यांनी चप्पल काढली, खुर्ची ओढून पंख्याखाली घेतली. “बसा, चहा घ्या, असं कुठं म्हणतंय?”

खालून चहा मागवला. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात बदलाची विनंती म्हणजे चहा, हे ठरून गेलंय.

कळमनुरीहून एका बाईंची विनंती आली. पापड-शेवयांचा धंदा, छान वेबसाइट. मालक म्हणून नवऱ्याचं नाव होतं, ते काढून स्वतःचं लावा म्हणाल्या. आता आली पंचाईत. नियमाप्रमाणे नोंदीतल्या नंबरवर फोन करायचा, आणि नंबर नेमका नवऱ्याचा. मी जरा दबकतच फोन लावला. म्हटलं, आपल्यामुळे कुणाच्या घरात भांडण नको.

“भाऊ, मालकाच्या जागी ताईंचं नाव लावायची विनंती आलीय. तुमची हरकत नाही ना?”

मागं पापडाची लाटणी वाजत होती. नवरा शांतपणे म्हणाला, “लावा की. मालकीण तीच हाय. मला बी तिनंच ठिवलंय.”

वसमतच्या दोन भावांचं मात्र मला मनापासून वाईट वाटायचं. मंडपाचा धंदा, वाटण्या झालेल्या, दोघांच्या दोन वेबसाइटी. आठवड्यातून एकदा तरी थोरल्याची विनंती यायची, ‘धाकट्याचं दुकान कायमचं बंद झालंय, तसं दाखवा.’ दुपारपर्यंत धाकट्याची यायची, ‘थोरल्याचं बंद झालंय.’ मी फोन केला की दोघंही आपापल्या दुकानातूनच फोन उचलायचे. आमचा रफिकभाई जिल्हाभर मोटारसायकलवर फिरून पाट्यांचे फोटो काढतो. तो वैतागून म्हणाला, “ताई, इनका कुछ करो. बंद दुकानात मला दोन वेळा चहा पाजला यांनी.”

दसऱ्याच्या तोंडावर त्यांची आई आली. नऊवारी, हातात पिशवी. म्हणाली, “बाई, दोघांचंबी बंद दाखव. सणापुरतं.”

“आजी, ऐन सणात दोघांची गिऱ्हाइकं जातील.”

“जाऊ दे. त्या दिशी तरी दोघं घरी येतील. एका पंगतीला बसलेले बघून लई दिवस झाले.”

नियमात हे कुठंच बसत नव्हतं. मी ते केलं आणि मला त्याचा जराही पस्तावा नाही. सणानंतर दोघांनी मिळून तक्रार केली. मिळून, हे महत्त्वाचं.

आता खंडूमामा. हे मेंढपाळ. सुगी झाली की शेतकरी रिकाम्या रानात मेंढ्या बसवून घेतात. कळप काही दिवस तिथं मुक्काम करतो, शेताला लेंडीखत मिळतं, मेंढ्यांना चारा मिळतो. मग पुढचं शेत. मामाच्या पोरीनं कॉलेजात शिकता शिकता बापाला वेबसाइट करून दिली, ‘शेतात मेंढ्या बसवून मिळतील.’ आणि आमच्याकडे नोंद केली.

आमच्या सरांचा नियम असा की पत्त्यावर पाटी पाहिजे आणि पाटीचा फोटो पाहिजे. रफिकभाई फोटो काढून आला. सरांनी बघितला. मामानं पाटी रंगवून घेतली होती आणि सामानाच्या घोड्यावर बांधली होती. मागं सगळं माळरान.

“रफिक, पाटी दिसली. दुकान कुठं आहे?”

“सर, दुकान चरून राहिलंय.”

सरांनी कपाळाला हात लावला, पण नोंद राहिली. मामा मात्र इतका इमानदार माणूस की मुक्काम हलला की पत्ता बदलायची विनंती पाठवणार. मी बदलणार. जिल्ह्यात सगळ्यात जास्त वेळा पत्ता बदललेला धंदा तोच असेल.

मग कयाधू नदीच्या पलीकडच्या गजाननरावांनी कमाल केली. ‘खंडू मेंढपाळाचा पत्ता बदला’ अशी विनंती पाठवली आणि पत्ता स्वतःच्या शेताचा दिला. मी मामाला फोन लावला. मामा म्हणाले, “व्हय, लावा.” मी लावला. आठवड्यानं गजाननरावांचा चढ्या आवाजात फोन.

“म्याडम, पत्ता बदलून आठवडा झाला. मेंढ्या अजून आल्या न्हाईत.”

माणसाला वाटलं, डिरेक्टरीत पत्ता बदलला की कळप आपोआप येतो. मी मामाला विचारलं, “तुम्ही ‘व्हय’ काहून म्हणालात?”

“शेतकऱ्याला न्हाई म्हणलं तर फुडच्या साली रानात कोण बसू देईल? त्यांचा नंबर लागल की. अजून आमी नदीच्या अलीकडंच हाओत.”

मला हसू आवरेना, पण ते लवकरच विरलं. गजाननरावांनी थेट सरांकडे तक्रार केली, तुमच्याकडे खोटे पत्ते असतात म्हणून. सर नियमाचे पक्के. म्हणाले, “सोमवारी मी स्वतः त्या शेतात जाणार. खंडू तिथं असला तर ठीक. नसला तर नोंद कायमची काढायची.” आणि तोवर कुणी बदल करू नये म्हणून नोंदीला कुलूप घातलं.

मला फार लागलं ते. पूर्वीचे ओळखीचे शेतकरी आता रासायनिक खतावर गेले होते, मेंढ्या बोलवत नव्हते. नवे शेतकरी मिळायचे ते याच नोंदीवरून. मेंढ्या विण्याच्या दिवसांत होत्या. नोंद गेली तर उन्हाळ्यात कळप न्यायचा कुठं? मी मामाला फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, “मामा, मला पत्ता बदलता येत नाही हो. सरांनी कुलूप घातलंय.”

मामांनी विचारलं, “साहेब कितीला निघणार?”

“जेवण करून.”

“मंग बराबर हाय,” म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी सर, रफिकभाई आणि मी गाडीतून गेलो. शेत रिकामं. बांधावर गजाननराव हाताची घडी घालून उभे. “बघा साहेब,” म्हणाले. सरांनी खिशातून मोबाइल काढला, आमची डिरेक्टरी उघडली. मी म्हटलं, “सर, जरा थांबू.” रफिकभाईनं उगीच गाडीची काच पुसायला घेतली. मला तर रडू यायला लागलं होतं.

तेवढ्यात नदीकडून घुंगरं वाजली.

आधी घोडा आला. पाठीवर पाटी, बाजूच्या झोळीतून ताज्या कोकराचं तोंड बाहेर. मागून सगळा कळप चढून आला आणि बघता बघता रानभर पसरला. सगळ्यात शेवटी खंडूमामा, गुडघ्यापर्यंत भिजलेले. त्यांनी घोड्यावरची पाटी सोडली, सरांच्या समोर बांधात रोवली आणि हात जोडून राम राम केला.

सर एकदा मोबाइलकडे बघायचे, एकदा मेंढ्यांकडे. मग मोबाइल खिशात ठेवला.

“खंडू, तुम्ही तर नदीच्या त्या बाजूला होतात ना?”

“व्हतो की, साहेब. ताईला पत्ता बदलता येईना. मंग आमीच बदललो.”