तोंडी तक्रार घेतली जात नाही

पाहुण्यांच्या जिवावर जगणारा आणि तरीही पाहुण्यांवर एवढा खार खाऊन असलेला माणूस आमच्या थोरल्या साडूंखेरीज अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. वेल्ह्याच्या बाजारातून रस्ता तोरण्याच्या पायथ्याकडे वळतो, तिथं त्यांचं चार खोल्यांचं हॉटेल आहे. खाली जेवणाची पडवी, वर खोल्या, आणि दारात त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी: 'येथे राहण्याची सोय होईल. लाड होणार नाहीत.' त्याखाली बारीक अक्षरांत नियम. खोलीत खाणंपिणं मिळणार नाही. गाणी गडावर म्हणावीत. तोंडी तक्रार घेतली जात नाही. पुण्याहून गाडी घेऊन आलेला एखादा गृहस्थ गॉगल वर करून विचारतो, "खोलीला व्ह्यू आहे का?" साडू डोंगराकडे बोट दाखवतात. "त्यो तोरणा. म्हाराजांच्या आदीपास्नं तिथंच हाय. खिडकी उघडायची का न्हाई ते तुमी बघा." "गरम पाणी चोवीस तास असतं का?" असं एका बाईंनी विचारलं, तेव्हा "तुमी चोवीस तास अंगोळ करता का?" असा उलटा सवाल त्यांनी अगदी निरागसपणे केला होता. गंमत म्हणजे एवढं करूनही त्यांनी आजवर एकालाही परत पाठवलेलं नाही. चारही खोल्या भरलेल्या असताना भर दुपारी सहा पोरं चिंब भिजून आली, तर साडूंनी त्यांचा पाऊण तास उद्धार केला आणि मग स्वतःच्या अंथरुणातली घोंगडी काढून दिली. असा सगळा मामला.

तोंडी तक्रार चालत नाही म्हणून अभिप्रायाची वही. ती मोठी लांबरुंद वही पडवीत दोरीनं खांबाला बांधलेली असते. शेजारी दोन पेनं. निळं पाहुण्यांचं, लाल साडूंचं. पाहुणा लिहून गेला की साडू चष्मा लावून खाली उत्तर लिहितात, आणि ते पाहुण्याला वाचायला मिळत नाही याची त्यांना मुळीच खंत वाटत नाही. 'खोलीत पाल होती.' खाली लाल शाईत: 'ती कायमची आहे. आपण एक दिवसाचे.' 'भाकरी फार जाड.' खाली: 'गड फार उंच.' 'मालक उद्धट वाटले.' खाली: 'मालक कामात होते.' मी भोरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हजारो वह्या तपासल्या, पण इतका आटोपशीर शेरा मला एकदाही जमला नाही, हे मी मत्सरानं कबूल करतो.

आता आक्का. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि या गृहस्थांची लग्नाची बायको. हॉटेल चालतं ते साडूंच्या पाटीवर नव्हे, आक्कांच्या चुलीवर. बरीच वर्षं झाली, एक इटालियन मुलगी गड बघायला आली, चार दिवस राहिली, आक्कांच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन ढसाढसा रडली म्हणे, आणि परत गेल्यावर तिनं एक चित्राचं कार्ड पाठवलं. सिएना नावाचं जुनं शहर, उतरता चौक, विटांचा मनोरा, भोवती खिडक्याच खिडक्या. आक्कांनी ते चुलीमागच्या भिंतीवर चिकटवलं. फोडण्यांच्या वाफेनं मनोरा तपकिरी झाला, चौकावर तेलाचे डाग पडले, पण आक्का रोज भाकरी थापताना समोर तेच बघत राहिल्या. गेल्या वर्षी गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की अजून दीड-दोन वर्षं जिने चढाल, पुढचं सांगता येत नाही. त्या दिवशी परत येताना आक्का आमच्याकडे भोरला थांबल्या. माझ्या बायकोनं विचारलं, "आक्का, तुला काय हवंय गं?" आक्का म्हणाल्या, "तीस वर्सं लोकांम्होरं चहा ठेवला. एकदा मलाबी कुणीतरी खिडकीत आयता कप आणून द्यावा. त्या कार्डातल्या खिडकीत." बायको म्हणाली, "अगं मग हितंच राहा की चार दिवस, मी देते." त्यावर आक्का हसल्या. "तुज्याकडं आले की चहा मीच टाकते की गं." आणि खरंच, त्या वेळी आमच्या हातात होता तो चहा त्यांनीच केलेला होता. माझी बायको खाली मान घालून बशी बघत बसली.

डॉक्टरांकडे सोबत आलेले साडू तिथंच बसून हे ऐकत होते. आक्कांना घरी सोडून दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं परत भोरला हजर. "मास्तर, सिएनात हाटेल बघा. बारकं. धा खोल्यांच्या वर नको, मालकाचं ध्यान राहत न्हाई." मी मोबाईलवर हॉटेलं काढली आणि पाहुण्यांचे अभिप्राय मराठीत करून वाचून दाखवायला लागलो. इथंच घोळ झाला. जगात हे अभिप्राय वाचून माणसं हॉटेल पसंत करतात, साडू अभिप्राय वाचून पाहुण्यांवर चिडायला लागले. "काय म्हणतो? टावेल वला हुता? मग वाळव की बाबा, हात मोडलेत का!" "खोली लहान? हा काय तिथं कबड्डी खेळायला गेल्ता?" चांगला अभिप्राय आला तर आणखी पंचाईत. 'मालक सतत हसतमुख असतात' हे वाक्य ऐकून ते सावरून बसले. "सतत? कशापायी? त्यो कायतरी लपवतोय. फुडं चला." अशी एकवीस हॉटेलं आम्ही पुढं चललो. माझा चष्म्याचा नंबर वाढायची वेळ आली.

बाविसावं हॉटेल सात खोल्यांचं. जुन्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. अभिप्राय इतके वाईट की मी ते वगळणारच होतो, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की प्रत्येकाखाली मालकीणबाईंचं उत्तर आहे. 'लिफ्ट नाही,' अशी कुणाची तक्रार. बाईंचं उत्तर: 'इमारत सातशे वर्षांची आहे. लिफ्ट नाही हे तुमच्या आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.' 'सकाळी घंटांचा त्रास होतो.' उत्तर: 'चर्चला कळवलं. तुमचं नाव विचारत होते.' 'मालकीण तुसडी आहे.' उत्तर: 'मालकीण चादरी वाळत घालत होती.' साडू खुर्चीतून उठले. खिडकीपाशी गेले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. हसून की कशानं, मला कळलं नाही. "मास्तर," ते म्हणाले, "ही आपली बाई हाय. ठरलं."

ठरलं म्हणजे आपण खोली घेऊन मोकळे होऊ, असं मला वाटलं. पण स्थळ पसंत पडल्यावर खरी चौकशी सुरू होते हे मी विसरलो होतो. साडूंनी दोन पानी प्रश्न दिले आणि मी ते मुकाट्यानं इंग्रजीत करून पाठवले. पाणी कुठून येतं? टाकी केवढी? गाद्या उन्हात कधी टाकता? बाईंचं उत्तर आलं, 'तुम्ही पाहुणे आहात की तपासणीला येणारे अधिकारी?' साडू खूश. "लिवा, मीबी हाटेलवालाच हाय." उलट टपाली, 'मग तुम्हाला खोली देणं धोक्याचं आहे.' साडू आणखी खूश. मग त्यांनी एका वहीत त्या शहराचा नकाशा काढला. सगळी अंतरं आपल्या मापात: मोठा चौक ते हॉटेल म्हणजे वेल्ह्याचं एसटी स्टँड ते तहसील कचेरी, फक्त चढ. मधे बसायला दोन पायऱ्या, आक्कांच्या गुडघ्यांसाठी. बाईंना न्यायला पाच किलो आंबेमोहर. पासपोर्टच्या फोटोत साडू असे दिसत होते की जणू फोटोवालाच खोलीला व्ह्यू आहे का म्हणून विचारत होता. तीन मजले चढायचे म्हटल्यावर आक्का उलट आम्हालाच हसल्या. "आवो, सगळी हयात गडाच्या पायथ्याला गेली. तीन मजल्याचं काय घिऊन बसलाय?"

मग शेवटचा प्रश्न गेला. बायकोला सकाळी खोलीत, खिडकीपाशी, चहा मिळेल का? उत्तर एका ओळीचं आलं: 'नाश्ता आठ वाजता, खाली. खोलीत काही नेलं जात नाही. नियम आहे.'

मी ते वाचलं आणि साडूंच्या तोंडाकडे बघत राहिलो. तीस वर्षं त्यांच्या दारावर रंगवलेला नियम हजारो कोसांवरून त्यांच्याच अंगावर आला होता. दुसरा कुणी असता तर हॉटेल बदललं असतं. मी तसं सुचवलंही. ते माझ्यावरच भडकले. "नेम बराबर हाय त्यांचा! बदलायचं काय त्यात?" आणि तरातरा स्टँडकडे निघून गेले. सहाव्या दिवशी स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी घेऊन आले. मी ती जशीच्या तशी इंग्रजीत केली. 'बाई, नियम माझाही हाच आहे. मोडावा असं म्हणत नाही. पण माझ्या बायकोनं तीस वर्षं हा नियम स्वतः पाळला आणि तिला कधी कुणी चहा आणून दिला नाही. मीही नाही. हे मला या वयात कळलं.' बाईंचं उत्तर आठवड्यानं आलं. त्यात एवढंच होतं: 'तिच्यासाठी मी स्वतः घेऊन येईन. तुम्ही मात्र खाली यायचं.'

त्या दिवशी साडूंनी वेल्ह्यात आठ पाहुण्यांना एकदाही टोकलं नाही असं आक्का सांगतात. पाहुणेच घाबरले असतील.

इतकं सगळं झालं आणि माशी शिंकली ती व्हिसाच्या अर्जात. कागद सगळे चोख होते, पण साडूंनी हट्टानं सोबत आपलं एक पत्र जोडलं आणि भाषांतर करताना ते माझ्या मागं उभे राहिले. खोटं खपणार नाही, गाळलेलं चालणार नाही. तारखा अर्जात होत्याच, पण पत्रात खाली त्यांनी लिहिलं होतं: 'परत येण्याचं तसं बायकोच्या मर्जीवर आहे. तिचं बसून मन भरलं की येऊ.' मी म्हटलं, "अहो, हे नका घालू." ते म्हणाले, "का? खरं हाय ते. तिला तिथंबी घाई करायची का आता?" तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी ते वाक्य बिनचूक इंग्रजीत केलं, आणि महिन्यानं अर्ज नामंजूर होऊन आला. कारण दिलं होतं: 'आपण मुदतीत परत जाल अशी खात्री वाटत नाही.' त्यांचं तरी काय चुकलं? आम्हीच तसं लिहून दिलं होतं. आक्कांना सांगितलं तेव्हा त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि परातीत पीठ घेतलं. मला इतकी लाज वाटली की मी त्या दिवशी न जेवताच भोरला परतलो.

पुढच्या रविवारी भोरच्या स्टँडवर एका ड्रायव्हरनं मला हटकलं. "मास्तर, तुमच्या साडूंनी पाटी लावलीया. समद्या खोल्या भरल्यात म्हणं." ज्या माणसानं आजवर एकालाही परत पाठवलं नाही, त्यानं अशी पाटी लावावी? आम्ही नवरा-बायको मिळेल त्या टेम्पोनं वेल्ह्याला पोचलो. पाटी खरंच होती. ऐन हंगामातला रविवार, गाड्या येऊन वळत होत्या आणि हॉटेलात चिटपाखरू नव्हतं. आत चुलीपाशी साडू, डोक्याला घाम, समोर करपलेली दोन पातेली. "मास्तर, ही चहापत्ती कुठं ठिवती हो? व्हती तेवढी दोनदा उतू गेली." "आक्कांना विचारा की." "पावण्याला विचारत्यात व्हय कुणी!" त्यांनी मला असं झापलं की मी गप्प डबे उघडायला लागलो. माझी बायको पुढं सरसावली तर तिलाही दारातच थांबवलं.

तिसरा चहा जमला. म्हणजे रंग तरी आला. वरच्या चार नंबरच्या खोलीत, तोरण्याकडच्या खिडकीत आक्का बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, दोन्ही हात मांडीवर. त्या हातांना काय काम द्यावं हे त्यांना कळत नव्हतं, सारखा पदर सारखा करत होत्या. चुलीमागचं ते तपकिरी कार्ड कुणीतरी खिडकीच्या गजाला लावलेलं. साडूंनी कप-बशी आणली, अर्धा चहा बशीत सांडलेला, आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवली. आक्का प्यायल्या. सावकाश, फुंकर मारत, बाहेर बघत. माझी बायको पदर तोंडाला लावून जिन्यातच बसली. मीही भिंतीकडे तोंड केलं, उगाच का सांगू?

"कसा झालाय?" मी विचारलं. साडू लगेच म्हणाले, "तोंडी न्हाई. वहीत." आणि खरंच दोरी सोडून ती वही त्यांनी वर आणली. आक्का चौथी शिकलेल्या. तीस वर्षांत त्या वहीत त्यांनी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. निळं पेन घेऊन त्यांनी मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वही फिरवून दिली. 'चहा बरा हाय. साकर लई. खिडकी चांगली. पण हे सिएना न्हाई.'

साडूंनी लाल पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. पुन्हा काढलं. आजवर कुठल्याही पाहुण्यानं त्यांना एवढा वेळ घ्यायला लावला नव्हता. मग त्यांनी खाली लिहिलं, 'मान्य.'

मी आणि साडू खाली आलो. मी पाटी काढायला हात घातला तर त्यांनी धरला. "असू द्या. मास्तर, त्यो अर्ज परत भरू. ह्या टायमाला पत्रबित्र काय नको." मी म्हटलं, "शहाणपण सुचलं म्हणायचं. मग परत यायची तारीख पक्की सांगा. किती दिवस लिहू?" साडूंनी वर बघितलं. चार नंबरच्या खिडकीत आक्का तशाच बसून होत्या. रिकामा कप पुढ्यात, आणि तो उचलून विसळायला न्यावा असं त्यांच्या मनातसुद्धा दिसत नव्हतं. दारात आणखी एक गाडी आली, पाटी वाचून वळली. साडू त्या गाडीवर ओरडलेसुद्धा नाहीत. "थांबा जरा," ते हळूच म्हणाले, "ती कप घिऊन खाली आली की सांगतो."