कुंपणाबाहेरची रांग

तिरुवैयारु सोडून तंजावूरच्या वाटेला लागले की डाव्या हाताला वेंकूबाईंची बाग होती. चार एकरांत केळी, पडवळ, वांगी, शेवगा आणि दोन विहिरी. बागेला कुंपण होते, पण रस्त्याकडचे नऊ फणस कुंपणाच्या बाहेर होते. घालणाऱ्याचे काही चुकले नव्हते. तंजावूरला मराठा राजांचे राज्य होते तेव्हा वेंकूबाईंच्या आजेसासऱ्यांनी ते मुद्दाम तसे घातले होते. भुकेल्या माणसाला मागायची लाज वाटते, तेव्हा त्याला मागावेच लागू नये, एवढाच विचार. वाटसरूने फणस उतरवावा, फोडावा, खावा आणि चालू लागावे. घरच्यांना मात्र त्या रांगेतला एक गराही वर्ज्य होता.

नवरा व्यंकोजी वारल्यावर बाग वेंकूबाईंनी चालवली, आणि चांगली चालवली. बाळंतिणीच्या घरी शेवग्याचा पाला न सांगता पोचे. कुणाची वांग्याची रोपे किडीने गेली की नवी रोपे घेऊन बाई स्वतः त्याच्या दारात उभ्या राहत. लावायची कशी याच्या दोन सूचना देत आणि मागच्या खेपेला काय चुकले याच्या दहा. गाव त्यांना फार मानत असे आणि जमेल तेव्हा टाळत असे.

या औदार्याची झळ घरात एकालाच लागली होती. मुलगा शेषाद्री सात वर्षांचा असताना त्याने रांगेतला एक गरा तोंडात टाकला होता. आईने बोट घालून तो बाहेर काढला. तिशी आली तरी शेषाद्री ते विसरला नव्हता.

"सगळ्या तालुक्यानं आपले फणस खाल्ले, आई. मी तेवढा राहिलोय."

"आतल्या बाजूला दोन झाडं आहेत की."

"ती बरक्याची. बाहेरचा कापा आहे."

"बरकाच खा. पुढं दात पडल्यावर सवय असलेली बरी."

१८७२ साली सरकारने रस्त्याची मोजणी काढली. मोजणीबरोबर आलेले कारकून बाळकृष्णराव राजवाड्यामागच्या गल्लीतले निघाले, त्यामुळे चौकशी मराठीत आणि अदबीने झाली. बरे झाले, आपला माणूस आला, असे सगळ्यांना वाटले.

"बाई, ही नऊ झाडं तुमचीच ना?"

"नाही हो. ती वाटेची."

बाळकृष्णरावांनी लेखणी उचलून धरली. "लावली कुणी?"

"आमच्या आजेसासऱ्यांनी."

"मग तुमची झाली."

"लावली आणि देऊन टाकली. दिलेलं आपलं कसं म्हणायचं?"

"दिल्याचा कागद?"

"वाटेला दिली. वाट कागद कुठं ठेवणार?"

शेषाद्री मध्ये पडला. "राव, झाडं आमचीच आहेत. मी सांगतो तसं लिहा."

"ठीक. या झाडांचा एक तरी फणस तुम्ही कधी खाल्लात का?"

शेषाद्रीने आईकडे पाहिले.

मग गावातल्या सात जणांना विचारले. बाईंच्या घराची कीर्ती साहेबाच्या दफ्तरात जाणार म्हणून प्रत्येकाने मनापासून सांगितले: झाडे सगळ्यांची आहेत, आम्ही लहानपणापासून खातो, आजवर कुणी हटकले नाही. जबान्या इतक्या जुळल्या की शंकेला जागाच राहिली नाही. रस्त्याकडची पट्टी कुणाच्याही मालकीची नसलेली, म्हणून सरकारी, अशी नोंदली गेली. अशा जमिनीला तिकडे पोरंबोक म्हणतात.

"चुकीचं काही लिहिलं नाही, बाई," बाळकृष्णराव जाताना म्हणाले. "तुम्ही सांगितलंत तेच."

"मग झालं की," वेंकूबाई म्हणाल्या.

चार वर्षे खरोखरच काही बदलले नाही. पाचव्या वर्षी रस्त्याकडेच्या सरकारी झाडांच्या फळांचा लिलाव पुकारला गेला. शेषाद्री म्हणाला, आपण बोली लावू. वेंकूबाईंनी नकार दिला. बोली लावली की झाडे त्यांची होणार होती, आणि ती त्यांची नाहीत हे त्यांनी एकदा सांगितले होते. मक्ता सुब्रमण्यम नावाच्या व्यापाऱ्याने घेतला. त्याने रांगेभोवती काटे टाकले आणि एक राखणदार बसवला.

"सुब्रमण्यम, ही झाडं वाटेची आहेत."

"कोण नाही म्हणतंय, अम्मा? वाट सरकारची, आणि सरकारनं ती मला दिलीय."

तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या परसातला शेवगा वेंकूबाईंनीच दिलेल्या फांदीचा होता.

ते साल १८७७, मोठ्या दुष्काळाचे. कोरड्या जिल्ह्यांतून माणसे कावेरीच्या पाण्याच्या आशेने चालत येत होती. तिरुवैयारुच्या वाटेवर एक रांग आहे, तिथे कुणी काही विचारत नाही, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. काट्यांची पोचली नव्हती. वेंकूबाईंनी विहिरीजवळ चूल मांडली. आधी केळी आणि पडवळ संपले, मग कोवळा पाला, मग केळीच्या बुंध्यांतला गाभा. वैशाखात बागेत उकडण्याजोगे काही उरले नाही.

बाहेर फणस मात्र त्या वर्षी भरघोस धरले होते. फणस बुंध्यालाच लगडतो, त्यामुळे खाली बसलेल्या माणसाचाही हात पोचतो. एका सकाळी तिसऱ्या झाडाखाली एक बाई बसल्या जागी मेलेली सापडली. डोक्याच्या वीतभर वर फणस होता. राखणदाराने तिला हटकले नव्हते. तिने हात उचललाच नाही, म्हणाला, मग हटकायचे कशाला.

वेंकूबाईंनी कोयता घेतला. दुपारपर्यंत अकरा फणस उतरले, फोडले आणि संपले. राखणदाराने दोनदा मनाई केली, तिसऱ्यांदा येऊन गरे वाटायला लागला, आणि संध्याकाळी त्यानेच जाऊन फिर्याद दिली. त्याला नोकरी होती.

मॅजिस्ट्रेट तंजावूरचेच होते आणि त्यांना हे प्रकरण मिटवायचे होते.

"अम्मा, झाडं तुमच्या घरची आहेत हे मला ठाऊक आहे. आपलेच समजून फणस उतरवले, एवढं म्हणा. मग ती चोरी होत नाही. घरी जा."

शेषाद्री मागून कुजबुजला, "म्हण, आई. एकदाच म्हण."

"माझी असती तर इतके दिवस थांबले नसते," वेंकूबाई म्हणाल्या. "ती वाटेची. वाटेवरचे मरत होते, म्हणून फणस उतरवले."

पंधरा दिवसांची साधी कैद झाली. साध्या कैदेत काम करावे लागत नाही, पण तुरुंगाच्या मळ्यातली वांगी बाईंना पाहवेनात. सुटताना त्यांनी जेलरला काही सूचना दिल्या.

पुढच्या वर्षी मक्त्याला कुणी बोली लावली नाही. तेव्हा सरकारने झाडेच तोडून विकली. फणसाच्या लाकडाच्या वीणा करणाऱ्यांनी ते हौसेने नेले.

वेंकूबाईंनी आपले कुंपण उपटून आठ हात आत घेतले आणि सोडलेल्या पट्टीत नऊ आठळ्या लावल्या. साठीच्या बाईने फणस लावावा याचे गावाला हसू आले. रोपांना पाणी घालणाऱ्या शेषाद्रीला आले नाही. नवी झाडे फळाला आली, पुन्हा कुणी तरी उतरवून खाऊ लागले, तेवढे बाईंनी पाहिले आणि १८८९ मध्ये त्या गेल्या.

चार वर्षांनी मोठी मोजणी आली. या खेपेचा कारकून तरुण होता, पण प्रश्न तेच होते. झाडे मागच्यासारखी सरकारकडे जाऊ नयेत म्हणून तो येण्याच्या आदल्या महिन्यात शेषाद्रीने कुंपण आठ हात बाहेर नेले होते.

"ही नऊ झाडं कुणाची?"

"माझी."

"फळ कोण खातं?"

"आम्हीच."

हे खोटे नव्हते. त्या सकाळी त्याने हाताला तेल लावून पहिल्या झाडाचा एक फणस फोडला होता, आणि रस्त्याकडे पाठ करून त्यातले तीन गरे खाल्ले होते. उरलेला गायीला घातला. कारकुनाने दफ्तरात त्याचे नाव लिहिले, जे आजही तिथे आहे.