तिच्या नावाचं पान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दळण. सकाळची वेळ, पिठाच्या गिरणीपुढं डब्यांची रांग, आणि नंबर आला तरी आमची ही डबा पुढं सरकवेना.

"आजून एक डबा ज्वारीचा जाऊ द्या, मग माजा टाका."

"मावशी, ज्वारीवरच टाकतोय की तुमचं," गिरणीवाला वैतागला.

"एकच डबा झालाय. त्याच्या आदी गहू व्हता. मी बगत हुबीच हाय हितं."

मागच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "चिमूटभर गहू लागला तर काय पीठ बाटतंय व्हय?" मला लाज वाटली आणि मी हिच्यावरच डाफरलो, "दळून घे आन् चल, ऊन वाढाय लागलंय." ती हलली नाही. आणखी एक ज्वारीचा डबा गेला, मगच आमचा पडला. मग डब्याच्या कडीत काठी घातली, एक टोक तिनं धरलं, एक मी, आणि निघालो.

गिरणीपासून एक कुत्र्याचं पिल्लू मागं लागलं. पिवळट, पोट फुगलेलं, डोळ्यांत चिपडं. मी दगड उचलल्यासारखं केलं तर ही म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आपल्या घरात तरी कोण हाय दुसरं?" आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरी येऊन तिनं पाण्यात भाकरी कुस्करली आणि त्याच्यापुढं ठेवली. मी सांगितलं, उद्या सोडून येतो. दुसऱ्या दिवशी पाय दुखत होता म्हणून राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसल्याबसल्या तिच्या छातीत कळ आली, आणि टांगा दारात येईपर्यंत सगळं आटपलं.

मला राग आला. आजही आहे. लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसानं असं धुसफुसू नये, देवाची इच्छा म्हणावी. मी मिलमध्ये चाळीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस आहे. धागा तुटला तर कुठं तुटला ते मी बघतो. देवाची इच्छा म्हणून कापड सोडून देत नाही.

तर गव्हाचं सांगतो. तिला गहू सोसत नव्हता. चपातीचा तुकडा पोटात गेला की पोट नगाऱ्यासारखं व्हायचं, जुलाब लागायचे, आठ-आठ दिवस उठवत नसे. अंगावर मांस म्हणून धरलं नाही कधी. पंधरा वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरानं सांगितलं, "गहू बंद. रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, सगळं बंद. जन्मभर." मला वाटलं, हा थट्टा करतोय. गव्हानं कुणी आजारी पडतं होय? गहू म्हणजे सणाचं धान्य, जावयाच्या ताटातलं. पण तिनं ऐकलं, आणि महिन्याभरात तिच्या गालावर जरा तुकतुकी आली.

घरात काही अडचण नव्हती. सोलापुरात आमच्यासारख्याच्या घरी रोज भाकरीच असते. अडचण उंबऱ्याच्या बाहेर. पाहुण्याला भाकरी वाढली तर त्याचा अपमान, आणि पाहुण्यानं भाकरी मागितली तर घरधन्याचा अपमान. म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही. विचारलं तर म्हणायचो, पित्त आहे. बायकोला गहू चालत नाही असं चारचौघांत सांगायला मला भिकारपणाचं वाटायचं.

माहीत होतं ते दोनच घरांना. एक आमच्या भिंतीला भिंत लागून असलेले विणकर. घरातच हातमाग, त्यावर चादरी. ते तेलुगू, हिला वदिना, म्हणजे वहिनी, म्हणायचे. दुसरे कोपऱ्यावरचे शिंपी, मुसलमान. त्यांना आम्ही मास्तर म्हणतो, ते हिला भाभी म्हणायचे. दुष्काळात रेशनला लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, आली तेव्हा सगळं गाव त्या मिलोला शिव्या देत होतं. ही एकटी खूश. या दोन्ही घरांनी आपला मिलो आमच्याकडं दिला आणि आमचा गहू नेला. तेव्हापासून रविवारी दुपारी तिन्ही घरं आमच्या कट्ट्यावर एकत्र जेवायची. कुणी आंबाडीची भाजी आणायचं, कुणी भात, कुणी शेंगाची चटणी, पण त्या जेवणात गहू नाही. ईदला मास्तरांच्या घरी शेवया शिजायच्या, तरी हिच्यासाठी तांदळाची खीर वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं. बाहेरच्यांनी हे केलं. घरच्यांना मी कळूच दिलं नाही.

ती गेल्यावर पिल्लू माझ्या गळ्यात पडलं. दिवसभर कुंई कुंई. माझी चप्पल चावून तिचे दोन तुकडे केले. वाकळेवर मुतलं. दोरीवर वाळत घातलेलं तिचं लुगडं ओढून चिखलात लोळवलं, तेव्हा मी त्याला हाणलं. ते असं किंचाळलं की विणकरांची बायको पळत आली.

"मारू नगा हो. त्याला काय कळतंय?"

"मला तरी काय कळतंय? मग मला कोण मारतंय का?"

मास्तर रोज संध्याकाळी यायचे. कुत्रं अंगाला लागलं की त्यांना घरी जाऊन कपडे बदलून नमाज पढावी लागे, म्हणून बाजेवर दोन्ही पाय वर घेऊन बसायचे, कोंबडीसारखे.

"भाभीनं आणलंय म्हणून," ते म्हणायचे, "न्हाईतर तुमच्या दारात पाऊल ठेवलं नसतं."

"मग नका ठेवू."

"असं कसं? तुमच्यापेक्षा ते पिल्लू चांगलं बोलतंय."

अकराव्या दिवशी बार्शीहून माझी थोरली बहीण आली. बरोबर पिशवीभर खपली गहू, सडून पाखडून आणलेला. आमच्याकडं तेराव्याला गोड म्हणून गव्हाची खीर करतात, तिला हुग्गी म्हणतात. पिशवी बघून माझं डोकं फिरलं.

"आक्का, त्या दिवशी या घरात गहू शिजणार न्हाय."

"आन् मग काय शिजणार? दगडं?"

"भाकरी, वांगं, चटणी. गोड म्हणून तांदळाची खीर."

"पन्नास माणूस येणार. तेराव्याला भाकरी घालतूस? लोक त्वांडावर थुंकतील की रं. बायकोला काय शेतावर कामाला लावली व्हती व्हय तू?"

"तिला गहू चालत नव्हता."

"आता तिला काय चालतंय आन् काय न्हाय," आक्का म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. शेवटी म्हणाली, "बरं, तुझं खरं." मी त्यावर विश्वास ठेवला.

तेराव्याच्या सकाळी विधी आटोपून घाटावरून परत आलो. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. गल्लीच्या तोंडालाच गूळ-वेलदोड्याचा वास आला. घरात पातेलंभर हुग्गी, टोपलीभर पुऱ्या. पंगत बसलेली. आणि भिंतीजवळ तिच्या नावाचं पान वाढलेलं. पानाच्या मधोमध हुग्गी, वर तुपाची धार, शेजारी चार पुऱ्या.

मेलेल्या माणसाला आवडीचं वाढतात. आवडीचं राहू द्या, निदान त्याला खाता येईल ते तरी वाढावं. पंधरा वर्षं जी बाई गिरणीत दोन-दोन डबे जाऊ द्यायची, तिच्या नावाचं शेवटचं पान, आणि त्यावर सगळा गहू.

"हे पान कुणाचं?" मी विचारलं.

"तिचंच की," आक्का म्हणाली. "हात जोड, लोक खोळंबल्यात."

"उचल ते."

"वाढलेलं पान उचलायचं? डोकं ठिकाणावर हाय का तुजं?"

पंगतीत कुजबूज सुरू झाली. एक दूरचा चुलता म्हणाला, "जाऊ दे रं, दुःखाचं घर हाय, आटपून घ्या." आटपून घ्या! जसं काही गाडी सुटायचीये. मी पानापुढं उभा, आक्का माझ्यापुढं उभी, आणि तेवढ्यात आमच्या दोघांच्या पायांमधून ते पिल्लू गेलं आणि सरळ हुग्गीत तोंड घातलं.

जो काय ओरडा झाला! आक्कानं झारा उचलला. मी तिचा हात धरला.

"खाऊ दे."

"अरं, पान बाटवलं त्यानं!"

"ते पान तिचं न्हवतंच. ज्याला चालतंय ते खातंय."

पिल्लानं तूपसुद्धा चाटून घेतलं. मग मी त्याला बगलेत मारलं आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. माझी समजूत अशी, की लोक आता न जेवता उठतील. कसले उठतात! आत नवं पान वाढलं, चुलत्यानं हात जोडले, आणि लोक जेवले. हुग्गी दोन-दोनदा वाढून घेतल्याचं बाहेर ऐकू येत होतं. "गूळ बेताचा पडलाय," असंही एक जण म्हणाला.

मास्तर आणि विणकर तेवढे बाहेर येऊन माझ्या दोन बाजूंना बसले. मला त्यांचाही राग आला.

"तुमी का उठला? जा, जेवा."

"वदिना जेवली नाही ते आम्ही कसं जेवायचं?" विणकर म्हणाले.

पिल्लू मास्तरांच्या मांडीपासून वीतभर अंतरावर होतं आणि त्यांनी पाय वर घेतले नव्हते.

माणसं पांगली. ऊन कलल्यावर आक्का कट्ट्यावर आली. पिशवी खांद्याला लावलेली.

"जाते मी. चारचौघांत कुत्र्याच्या पंगतीला बसवलंस मला."

"जा."

"एक सांगते. माज्या पोराच्या लग्नात तुज्या बायकोनं हुग्गी खाल्ली व्हती. मी सोता वाढली, माज्यासमोर खाल्ली. तवा न्हाय बाधली, आन् आता मेल्यावर बाधती व्हय?"

आता हे माझ्यानं गिळवेना. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मास्तरांना नाही, विणकरांना नाही.

"तिनं न्हाय खाल्ली आक्का. मी खायला लावली. ती पान हातानं झाकत व्हती. मी कानात सांगितलं, चार घास खा, माज्या बहिणीचा मान ऱ्हाईल. मुकाट्यानं खाल्लं तिनं. परत येताना वैरागच्या पुढं यष्टी थांबवावी लागली. तीनदा. कंडक्टर बोलला, लोक बोलले, आन् मीसुदिक तिलाच बोललो, की चारचौघांत लाज आणलीस म्हणून. रस्त्याच्या कडेला बाभळीआड बसलेली ती, आन् मी गाडीजवळनं वरडत व्हतो, आटप म्हणून."

आक्का पिशवी खांद्यावरच ठेवून खाली बसली.

ती म्हणाली, "मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"लाज वाटली."

"कशाची? भाकरीची?" तिचा आवाज चढला. "माज्या घरात काय ज्वारी नव्हती? कणगी भरून व्हती! दोन भाकरी थापायला मला काय जड झालं असतं? पित्त हाय म्हणून सांगत आलास जन्मभर. मी पाठीमागं बोलले तिला, नखऱ्याची हाय म्हणून. ते पाप माज्या डोक्यावर का घातलंस?"

तिचं खरं होतं. मी तेरा दिवस सगळ्यांवर चिडत होतो, आणि चिडायला हक्काचं माणूस माझ्याच धोतरात बसलेलं होतं. मी तसं बोललो नाही. एवढंच म्हणालो, "यष्टी उद्याची पकड."

दिवेलागणीला आक्कानं चूल पेटवली. तवा आधी राखेनं घासला, मग परत घासला. "आता बरोबर हाय का?" असं तिनं विणकरांच्या बायकोला विचारलं, कारण मला काय माहीत असणार. भाकरी, वांगं, चटणी. मास्तरांच्या घरून खीर आली, त्याच वेगळ्या भांड्यात. आक्कानं तिच्या नावाचं पान वाढलं. मी हात जोडले. मग आम्ही सगळे कट्ट्यावर बसून जेवलो. चटणी तिखट झाली होती. मास्तर म्हणाले, "आक्का, बार्शीत मिरची फुकट मिळते काय?" आक्का हसली नाही, पण त्यांना अजून एक भाकरी वाढली.

पिल्लू पोट फुगेपर्यंत हुग्गी खाऊन दुपारपासून झोपलेलं होतं. त्याला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या यष्टीला आक्काला बसवलं. तिथून घरी आलो नाही. पंगतीला आलेली माणसं मला पाठ होती. आधी चुलत्याचं घर गाठलं. दार वाजवलं, तर तो दात घासत बाहेर आला, मागून त्याची सून. माझं भादरलेलं डोकं आणि पायाशी ते पिल्लू बघून दोघं जरा मागं सरली.

"ये की, बस," चुलता म्हणाला. "चहा टाकायला सांगतो. बिस्कीट हाय."

"चहा राहू द्या," मी म्हणालो. "माझी बायको पंधरा वर्षं गहू खात नव्हती. तिला पित्त नव्हतं. मी खोटं सांगत होतो. हे सांगायला आलोय, आणि इथून पुढच्या घरी जायचंय."

मग पुढच्या घरी गेलो.